सहाचा टँकर, सात प्रती

समाजकार्याच्या शेवटच्या परीक्षेत एक प्रश्न सक्तीचा होता. 'गटकार्य आणि जनवकिली यांविषयी आपले विचार स्वानुभवाच्या आधारे मांडा.' मी दोन पुरवण्या जोडल्या. गटात प्रत्येकाचं ऐकून कसं घ्यावं, वंचितांचं म्हणणं व्यवस्थेपर्यंत कसं पोचवावं, एखाद्यासाठी बोलणं आणि एखाद्याच्या सोबत बोलणं यांत काय फरक असतो, हे सगळं लिहिलं. त्या फरकावर तर पाऊण पान होतं. हस्ताक्षर चांगलं होतं. त्या पेपरात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले.

स्वानुभव तेवढा लिहायचा राहिला. तो आता लिहितो. गुण द्यायला समोर कुणी नसलं की माणूस खरं लिहितो, असं म्हणतात. माझ्या बाबतीत तेवढ्यानंही भागलं नाही, बरीच वर्षं जावी लागली.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पाऊस सलग तिसऱ्या वर्षी नावापुरता पडला होता आणि शहर मात्र कुणी मुळाशी पाणी सोडल्यासारखं वाढत होतं. बीड बायपासच्या पलीकडे, जिथं ज्वारी असायची, तिथं चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट होते. प्लॉटांच्या तोंडाशी कमान, आणि कमानीवर कसल्या ना कसल्या बागेचं नाव. बाग कुठंच नव्हती. मी चुलत्यांकडे राहून शिकत होतो. त्यांच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं आणि त्या दिवशी घरात सणासारखी धांदल असायची. काकू म्हणायची, "दिवाळी विसरले तरी चालेल, पाण्याचा वार विसरू नका."

वर्गात आमचे पाच-पाच जणांचे गट पाडले होते. गटकार्याची एक रीत आमच्या आधीच्या तुकड्यांनी घालून दिली होती आणि ती आम्ही श्रद्धेनं पाळत होतो. एकानं लिहायचं. एकानं ते टाइप करून, बांधून आणायचं. एकानं फोटो काढायचे. एकानं सरांशी आणि साहेबांशी बोलायचं. आणि पाचव्यानं प्रत्यक्ष काम करायचं. पाचवा माणूस बहुतेक वेळा मुलगी असे.

आमच्या गटात लिहिणारा मी. बोलणाऱ्याला आम्ही 'अध्यक्ष' म्हणायचो. तो कशाचा अध्यक्ष नव्हता, पण कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा आणि कुठल्याही कार्यालयात शिपायाला नावानं हाक मारायचा. पाचवी होती देवगाव रंगारीची एक मुलगी. तिच्या घरी मेंढरं होती, म्हणजे पूर्वी होती. दुष्काळात निम्मी विकून वडील रोजंदारीला लागले होते. वर्गात ती फारशी बोलत नसे. बोलली की आमच्यातले काही जण तिच्या 'व्हय' आणि 'नाय'वर हसायचे, म्हणून तिनं वर्गापुरती प्रमाण भाषा घेतली होती. बाहेर पडताना ती पायरीवरच उतरवून ठेवायची.

आमच्या सरांनी कुठल्याशा शिबिरातून 'जनवकिली' हा शब्द आणला होता आणि त्या वर्षी तो ते मिठासारखा सगळ्यात घालत होते. प्रत्येक गटानं एक वस्ती घ्यायची, तिची एक मागणी घ्यायची आणि ती तडीस न्यायची, असं ठरलं. वस्ती त्या मुलीनं शोधली. बायपासच्या पलीकडे एक नाला होता. त्याच्या अलीकडे शहराची हद्द संपायची आणि पलीकडे तीसेक घरं होती, काही पत्र्याची, काही ताडपत्रीची. कन्नडकडून, सोयगावकडून आलेली मेंढपाळ माणसं. ज्यांची मेंढरं शिल्लक होती ते पुरुष ती घेऊन नदीकाठच्या मुलखात चाऱ्यामागं गेले होते. मागं राहिलेल्या बाया शहरात चढणाऱ्या इमारतींवर पाट्या टाकायला जात.

मी सोयगावकडचाच. आमचं शेतकऱ्याचं घर. उन्हाळ्यात याच लोकांची मेंढरं आमच्या शिवारात बसवत. आठ-दहा रात्री कळप शेतात बसला की लेंड्यांचं खत व्हायचं, आणि शेतकरी बदल्यात धान्य द्यायचा. कुणाच्या शेतात किती रात्री, आधी कुणाकडे, नंतर कुणाकडे, हे सगळं बांधावर उभ्याउभ्या ठरे. कागद नाही, सही नाही. आणि माझ्या आठवणीत तरी कुणी त्यात फिरलं नाही. हे मला माहीत होतं, हे मुद्दाम सांगून ठेवतो. मी या माणसांना ओळखत नव्हतो, अशी सबब मला नाही.

वस्तीतल्या एका बाईच्या दारात आम्ही बसलो. तिला आम्ही मावशी म्हणायला लागलो. पन्नाशीच्या अलीकडची, काटक, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत त्याच्या चपलांकडे बघणारी. नवरा मेंढरांमागं गेलेला. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू. मी विचारलं, "मावशी, वस्तीच्या मुख्य समस्या कोणत्या?"

"समस्या म्हंजी?"

देवगावची म्हणाली, "काय अडतंय गं, मावशे?"

"टँकर," ती म्हणाली. "टँकर दहाला येतो. मुकादम सातला माणसं नेतो. ज्याच्या घरचं माणूस हजर त्याच्याच टिपाडात पाणी पडतं. माझ्या घरात हजर कोण? सासूला उठता येत नाय. मंग एक दिस पाणी, एक दिस काम. मुकादम म्हनतो, रोज येनारी बाई दे, नायतर दुसरी बघतो. तेवढा टँकर सहाला आना. कुणापाशी तरी शब्द टाका."

"आणखी काही?"

"नाय. तेवढंच."

"दुसरं काहीच नको तुम्हाला?" मला ते पुरेसं वाटत नव्हतं.

"कामून? तुमच्याजवळ लई हाय का?" ती म्हणाली, आणि बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

देवगावच्या मुलीनं वहीत तीन शब्द लिहिले. टँकर सकाळी सहा.

निवेदनाचा मसुदा करायला आम्ही क्रांती चौकातल्या एका हॉटेलात बसलो. अध्यक्षानं वही वाचली आणि ती चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"हे काय निवेदन आहे? दूधवाल्याला चिठ्ठी लिहिल्यासारखं वाटतंय."

"त्यांना एवढंच पायजे," ती म्हणाली.

"एवढ्यासाठी साहेब वेळ देतील? फोटो काय काढायचा याचा?"

मी अध्यक्षाची टिंगल करणारा माणूस होतो. त्याच्या शर्टावर, त्याच्या पायऱ्या चढण्यावर मी मित्रांना हसवत असे. पण त्या दिवशी त्याच्या कामाला माझ्याइतका कुणी आला नसेल. मी म्हणालो, "मागणी लहान असली की प्रश्नही लहान वाटतो. मुळाशी गेलं पाहिजे. वेळेचा प्रश्न नाहीच हा, हक्काचा आहे."

"मावशीचा वेळेचाच हाय," ती म्हणाली.

"काय मागता येतं हे त्यांना माहीत नसतं. ते आपण सांगायचं असतं. त्यालाच तर जनवकिली म्हणतात."

हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणाच्या नावावर ते टाकावं असं फार वाटतं, पण टेबलावर दुसरं कुणी एवढं वाचलेलं नव्हतं.

ती म्हणाली, "मावशी म्हणाली, फक्त शब्द टाका."

"शब्दच टाकतोय," मी म्हणालो आणि पानामागून पान लिहिलं.

निवेदन खरोखर चांगलं झालं होतं. सुरुवात मानवी प्रतिष्ठेपासून होती. नळयोजना, सार्वजनिक शौचालयं, वस्ती नियमित करणं, भटक्या समूहांचं सर्वेक्षण, अशा नऊ मागण्या होत्या आणि नववी होती टँकरच्या वेळेची. टायपिंगच्या दुकानात गेल्यावर असं दिसलं, की दोन पानं भरून नववी मागणी तेवढी तिसऱ्या पानावर जाते. एवढ्या कोऱ्या पानावर एकटी ओळ. दुकानदार म्हणाला, "तिसरं पान काढू का? वर एकच ओळ राहील. वाईट दिसतं."

मी पडद्याकडे पाहिलं. वाईट दिसत होतं. मी ती ओळ काढायला सांगितली.

देवगावची मुलगी तिथं नव्हती. दुकानात मी एकटा होतो, अध्यक्ष नव्हता, टाइप करून आणणाराही त्या दिवशी आला नव्हता. त्यामुळे गटकार्याच्या या भागाचं श्रेय माझं एकट्याचं आहे.

मागं सह्यांचा वेगळा कागद जोडला आणि त्याच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी' म्हणून यादी घातली. आमच्याकडे निवेदनाचा भारदस्तपणा या यादीवरून ठरतो. शहराचं पाणी बघणारं कार्यालय, तालुक्याचं कार्यालय, जिल्ह्याचं कार्यालय, नाल्यापलीकडची ग्रामपंचायत, एक लोकप्रतिनिधी, एक वर्तमानपत्र आणि आमचे प्राचार्य. सात प्रती. प्राचार्य पाणी कुठून देणार होते, हे कुणी विचारलं नाही.

सह्या घ्यायला वस्तीवर गेलो. अध्यक्षानं शाईचा पॅड आणला होता. बाया रांगेनं अंगठे उठवत होत्या आणि आमचा फोटो काढणारा त्या निळ्या अंगठ्यांवर कॅमेरा रोखून बसला होता. मावशीची पाळी आली तेव्हा तिनं हात मागं घेतला.

"मला सही येती."

"काय?"

"सही येती मला. साक्षरतेच्या वर्गात शिकले व्हते. पेन द्या."

कागदावर तोवर पंधरा-वीस अंगठे झाले होते, ओळीत, छान. पेन माझ्या खिशाला होतं. मी म्हणालो, "अंगठाच द्या, मावशी. सगळ्यांचं एकसारखं दिसेल."

तिनं माझ्या चपलांकडे बघितलं आणि अंगठा दिला.

देवगावच्या मुलीनं त्याच वेळी निवेदनाची प्रत हातात घेऊन दुसरं पान उलटून पाहिलं. मग पहिलं पुन्हा पाहिलं. "सहाचं कुठंय?"

"ते बाकीच्यात आलंच की," मी म्हणालो. "नळच आला तर टँकरची वेळ कशाला?"

ती काहीतरी बोलणार होती. अध्यक्ष गाडी चालू करून हॉर्न वाजवत होता. साहेबांची वेळ साडेअकराची घेतलेली होती.

निवेदन देण्याचा एक विधी असतो. साहेब खुर्चीतून अर्धे उठतात, हात पुढं करतात आणि निवेदन देणाऱ्या प्रत्येकाचा हात त्या कागदाला लागलेला असावा लागतो, निदान फोटोपुरता. कॅमेरा शिपायाच्या हाती दिला होता, त्यामुळे आमचे पाच आणि साहेबांचा एक असे सहा हात त्या दोन पानांवर होते. कागद फाटला नाही, हे नवलच. मावशीला आणि इतर बायांना आम्ही नेलं नव्हतं. गाडीवर जागा नव्हती आणि त्या दिवशी त्यांचा पाण्याचा वार होता.

चौथ्या दिवशी टँकर बंद झाला.

झालं ते असं. नाल्यापलीकडच्या त्या वस्तीला टँकर मंजूर नव्हताच. अलीकडच्या एका कॉलनीचा टँकर होता. कधीतरी एका अभियंत्यानं चालकाला तोंडी सांगितलं होतं, की एक खेप पलीकडे टाकत जा, माणसं आहेत. अभियंता बदलून गेला, खेप चालू राहिली. कार्यालयात चारजणांना माहीत होतं आणि चौघांनीही ते माहीत नसल्यासारखं ठेवलं होतं. आमची एक प्रत तालुक्याच्या कार्यालयात गेली. तिच्यात मी, टँकरचा उल्लेख हवा म्हणून, 'सध्या शहराकडून होणारा अपुरा व अनियमित पुरवठा' असे शब्द घातले होते. तालुक्यानं शहराला विचारलं, आमच्या हद्दीत तुमचा टँकर कुणाच्या परवानगीनं येतो? शहरानं लिहून कळवलं, असा कोणताही टँकर येत नाही. आणि लिहून कळवल्यावर तो खरंच येणं बंद करावं लागलं. सरकारी काम एवढ्या वेगानं झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

हे मला देवगावच्या मुलीनं सांगितलं. वर्गाबाहेर, कोरड्या आवाजात. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मला टँकर भरतात त्या टाकीवर घेऊन गेली. चालक नळीखाली उभा राहून मिसरी लावत होता. आम्ही कोण हे कळल्यावर त्यानं चूळ भरली.

"तुमीच का वो कागजवाले?"

"हो. आम्हाला वाटलं..."

"अरे भाई, कागज कायकू दिये तुम लोगां? टाइम का लफडा था ना? मेरेकू बोलते. मेरा पैला फेरा फजर में उधरसेच जाता. सहा बजे डाल देता मैं."

"तुम्हाला चाललं असतं?"

"मेरेकू क्या फरक पडता? दस बजे का टाइम तो मैंइच पकड लिया था. कोई बोल्याच नै मेरेकू." त्यानं नळी टँकरच्या तोंडातून काढली. "अब नै होता. लिख के आया सो लिख केच जाता."

परत येताना ती माझ्या पुढं चालत होती. माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते लिहायला हवं. मावशीचं पाणी चाललं नव्हतं. पुढच्या आठवड्यात सादरीकरण होतं आणि आता निष्पत्तीच्या रकान्यात काय लिहावं, हे चाललं होतं.

सादरीकरणाला बाहेरून पाहुणे आले होते. त्यांच्यापुढे गुच्छ होता आणि पाण्याची सीलबंद बाटली होती, ती त्यांनी शेवटपर्यंत उघडली नाही. पडद्यावर निळ्या अंगठ्यांचा फोटो आला तेव्हा सभागृहात हळहळ झाली. फोटो उत्तम होता. मावशीचा अंगठा मधोमध होता. मग सहा हातांचा फोटो आला. मी वीस मिनिटं बोललो. शेवटी सरांनी विचारलं, "छान. पण निष्पत्ती काय?"

दुसऱ्या रांगेत देवगावची मुलगी बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"सर, प्रशासनानं आठ दिवसांच्या आत दखल घेतली," मी म्हणालो. "दोन कार्यालयांमध्ये या विषयावर पत्रव्यवहार झाला."

टाळ्या पडल्या. यातला शब्दही खोटा नव्हता. खोटं बोलायला जेवढं धैर्य लागतं, तेवढंही मला त्या दिवशी लागलं नाही. पाहुणे म्हणाले, अशी मुलं असतील तर देशाला चिंता नाही. आमच्या गटाला पहिला क्रमांक मिळाला. पाच जणांना पाच प्रमाणपत्रं, कारण गटकार्यात श्रेय समान वाटलं जातं.

जिन्यात तिनं मला गाठलं. प्रमाणपत्राची गुंडाळी तिच्या पिशवीतून वर आलेली होती.

"खोटं बोलला असतास तर बरं वाटलं असतं," ती म्हणाली. "चल."

"कुठं?"

"वस्तीवर. हेच तिथं बोल. दखल घेतली म्हणावं."

"तू का नाही बोललीस मग आत?" मी विचारलं. हे मी विचारलं.

ती थांबली. "बोलले व्हते ना मी. क्रांती चौकात बोलले, वस्तीवर बोलले. तिसऱ्यांदा बोलले तर तू ऐकनार व्हतास?" प्रमाण भाषा तिनं त्या दिवशी जिन्यातच उतरवली.

आम्ही पोचलो तेव्हा मावशी दोन हंडे घेऊन येत होती. दूरच्या एका शेतातल्या विहिरीवर वस्तीतल्यांनी शेतकऱ्यापाशी शब्द टाकून पाणी मिळवलं होतं. एक खेप व्हायला तासाच्या वर लागे. टँकर बंद झाल्यावर चार दिवस ती कामावर गेली नव्हती आणि पाचव्या दिवशी गेली तेव्हा तिच्या जागी दुसरी बाई पाट्या टाकत होती. हे सगळं तिनं हंडे उतरवताउतरवता सांगितलं, जणू शेजारच्या घरचं सांगतेय. सासू आत खोकत होती. मी माफी मागायला सुरुवात केली. ती माफी बरीच लांब होती आणि तिच्यात दोन्ही कार्यालयांच्या हद्दींचा खुलासा होता.

तिनं मधेच विचारलं, "त्यो कागद कुठंय?"

"कार्यालयात आहे, मावशी."

"वापस आना."

"तो परत नाही मिळत..."

"त्याच्यावर माझा अंगठा हाय. आन् सहा वाजल्याचं त्यात नाय, असं ही पोरगी सांगती. मंग मी अंगठा कशाला दिला? नळाला? नळ कुनी मागितला व्हता? तुमी मागितला, तर तुमी तुमचा अंगठा द्यायचा." ती चिडलेली नव्हती. व्यवहार समजावून सांगावा तसं बोलत होती. "आन् मला सही येती. तवाच सांगितलं व्हतं."

साहेबांच्या हाती निवेदन दिलं होतं, त्या शहराच्या पाणी कार्यालयात मी गेलो. अध्यक्षाला विचारलं, तर तो म्हणाला, "पहिला नंबर आलाय ना? आता कशाला उकरतो?" म्हणून एकटाच गेलो. तिथल्या कारकुनानं माझं म्हणणं दोनदा ऐकून घेतलं.

"निवेदन परत पाहिजे?"

"हो."

"आजवर कुणी मागितलं नाही बुवा. लोक उत्तर मागतात." त्याला गंमत वाटली. "आवक झालेला कागद बाहेर जात नसतो. फार तर, निवेदन मागे घेतो असं निवेदन द्या. आणि पाणी पाहिजे असेल तर इथं काय करताय? नाल्यापलीकडचे आमच्यात येत नाहीत. तालुक्याला जा."

दोन दिवसांनी आम्ही तिघं तालुक्याच्या कार्यालयात गेलो. मावशी, देवगावची मुलगी आणि मी. कार्यालयाच्या ओट्यावर बसून मावशीनं सांगितलं आणि त्या मुलीनं लिहिलं. वहीचं पान होतं, फाडलेली कड तशीच. 'आमच्या वस्तीला टँकर द्यावा. तो सकाळी सहाला यावा. सातनंतर आम्ही कामाला असतो.' मी पेन पुढं केलं. मावशीनं ते घेतलं, कागद मांडीवर नीट केला आणि सही केली. वेळ लागला. मधल्या एका अक्षराला ती थांबली, ओठ हलवून बघितलं, आणि पुढं गेली. सही झाल्यावर तिनं पेन माझ्या हातात दिलं नाही, माझ्या शेजारी ओट्यावर ठेवलं.

आतल्या कारकुनानं कागद वाचला आणि सवयीनं विचारलं, "प्रती कुणाकुणाला दिल्या?"

"कामून?" मावशी म्हणाली. "पानी तुमीच देनार ना?"

तो हसला. त्यानं पोच म्हणून शिक्का मारून दिला. ती पोच मावशीनं चौघडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली.

गोष्ट इथं संपली असती तर परीक्षेत लिहिण्याजोगी होती. महिन्याभरानं तालुक्याचा टँकर मंजूर झाला. तो लांबच्या विहिरीवरून भरून यायचा. वस्तीवर पोचायला त्याला दहा वाजत. मी मावशीला विचारलं, आता पुन्हा अर्ज करायचा का? ती टिपाडावर हात ठेवून उभी होती.

"ऱ्हाऊ दे, दादा. झालं की पह्यल्यासारखं."

एक दिवस पाणी, एक दिवस काम. पहिल्यासारखंच. फक्त ते काम आता तिचं नव्हतं. ज्या दिवशी मुकादमाला माणूस कमी पडेल, त्या दिवसापुरतं होतं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात आमची परीक्षा होती. पेपर दहाचा होता. देवगावची मुलगी माझ्या पुढं दोन बाकांवर बसली होती. तिनं पुरवणी घेतली नाही, अर्ध्या वेळात उत्तरपत्रिका दिली आणि गेली. तिला त्या पेपरात जेमतेम पास होण्याइतके गुण पडले. काय लिहिलं होतंस, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "टँकरचं लिहिलं. तुमची नावं नाय लिहिली." तपासणाऱ्यानं तिच्या उत्तराला सैद्धांतिक मांडणी नाही असा शेरा दिला होता, असं सरांकडून कळलं.

मी मात्र पूर्ण वेळ लिहीत होतो. पहिल्या तासातच शिपाई घागर आणि पेला घेऊन बाकांच्या रांगांतून फिरू लागला, "पाणी, पाणी" म्हणत. मी मान वर न करता हात वर केला. त्यानं पेला भरून माझ्या बाकावर ठेवला. गार होतं, वाळा घातलेलं. मी ते प्यालो, पेला परत दिला आणि नवीन परिच्छेद सुरू केला. 'जनवकिलीत सर्वांत महत्त्वाचे असते ते ऐकणे.'